भाव दोन शे

नात मयुरीला आम्ही पहूरला दिली ते दोन हजार चोवीस साल. लग्न एप्रिलातलं. मांडवात माणसं पंगतीपेक्षा कूलरच्या पुढच्या जागेसाठी भांडत होती. त्या उन्हात तोतारामची बायको बेबाबाई मात्र पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसली होती. बायकांना वाटलं, हिचा घसा बसला. एकीने सुंठ आणून दिली, दुसरीने गरम पाणी. बेबाबाई निमूट सुंठ चघळत राहिली. तिचा घसा ठणठणीत होता. गळ्यात पोत नव्हती, एवढंच.

पोत म्हणजे मंगळसूत्र. आठ ग्रॅमची होती, सासूने घातलेली. दोन वर्षांपूर्वी तोतारामने ती "मणी ढिले झालेत, सोनाराकडून गाठवून आणतो" असं सांगून नेली आणि चाळीस हजारांना विकली. त्या पैशांचे त्याने धनमार्ग कंपनीचे पाचशे शेअर घेतले, ऐंशी रुपयांना एक. घरी सांगितलं, सोनाराला वेळ लागतोय. तेव्हापासून कधी सोनाराचा हात दुखायचा, कधी सोनार तीर्थाला जायचा, कधी सोनाराकडे सुतक असायचं. दोन वर्षांत त्या घरात इतकी माणसं मेली, की बेबाबाई एकदा म्हणाली, "आता सोनार तरी उरला आहे का?"

ती काळ्या मण्यांच्या दोऱ्यात दोन पितळी वाट्या घालून दिवस काढत होती. घरात ते चालायचं. लग्नात चारचौघींसमोर चालेना, म्हणून तो पदर.

त्या दिवशी मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, तोतारामने मला हे सगळं सांगितलं. आम्ही लहानपणापासूनचे, मी रुपचंद त्याच्या तोंडी रुपाच. त्याने तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस तोलला आणि त्यातला बराचसा छातीत भरून घेतला. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की आता वर्षं मोजू नका, महिने मोजा.

"रुपा," तो म्हणाला, "मी आहे तोवर तिच्या गळ्यात पोत पडली पाहिजे. माझ्या मागे आणून काय उपयोग? तेव्हा ती घालायची नाही."

आम्ही आपसात अहिराणीच बोलतो. इथे मी ती पुस्तकी करून लिहितो आहे, एक शब्द सोडून. तो शब्द पुढे येईल.

धनमार्ग ही जळगावातली छोटी कंपनी. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, एक काचेचं दार आणि आत दोंडाईच्याचा हितेंद्र. लोकांनी पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला द्यायचा आणि सल्ल्याची फी घ्यायची, हा धंदा. आता खानदेशात सल्ला विकायला बसणं म्हणजे तापीच्या काठी पाणी विकायला बसणं. आमच्याकडे बस चुकली तरी चार माणसं सल्ला देतात, तोही चहा पाजून. पण आम्हा पाच जणांना त्या धंद्यात फार मोठं भविष्य दिसलं. कंपनीचा सल्ला मात्र आमच्यापैकी एकानेही घेतला नाही. हितेंद्र पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आबा, या वयात पैसे पोस्टात ठेवा." आम्हाला वाटलं, पोरगा किती प्रामाणिक! म्हणून आम्ही पोस्टातले पैसे काढले आणि त्याच्या कंपनीचे शेअर घेतले. पोस्टात ज्याचं काही नव्हतं त्या तोतारामने पोत काढली.

कंपनी बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे भाव पेपरात यायचा नाही. हितेंद्र अधूनमधून हिशेब करायचा, भाव ठरवायचा आणि तो त्याच्याच तोंडून ऐकावा लागायचा. जळगावला जाऊन तो ऐकून येण्याचं काम माझ्याकडे होतं. हुशारी म्हणून नाही. माझं एसटीचं तिकीट अर्धं लागतं.

आमची बैठक पारोळ्याला, नवलशेठच्या बियाण्याच्या दुकानात. नवलशेठ गल्ल्यावर, बाकीचे खताच्या गोण्यांवर. लीलाधर गुरुजींना मात्र खुर्ची. गुरुजी छत्तीस वर्षं शाळेत होते. चाळिसाव्या वर्षापर्यंत मी अंगठा करायचो. साक्षरतेच्या वर्गात, समाजमंदिराच्या फरशीवर बसवून मला अक्षरं शिकवली ती याच गुरुजींनी. त्यांचा एक नियम होता: दोन शब्दांच्या मध्ये बोटभर जागा. मी नांगर धरलेलं बोट ठेवायचो. माझं एक वाक्य पानाच्या दोन ओळी खायचं, पण जागा सुटायची. ती सवय अजून गेलेली नाही. मयुरीने मला फोनवर लिहायला शिकवलं तेव्हा खालची लांब पट्टी कशासाठी ते मला लगेच कळलं. ते गुरुजींचं बोट.

पाचव्या मंदाबाई. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आमच्यात सगळ्यात कमी शेअर त्यांच्याकडे आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्याकडे.

जूनच्या शेवटी बैठक बसली.

"भाव शंभराच्या वर गेला असणार," नवलशेठ म्हणाला.

"कशावरून?" मंदाबाईंनी विचारलं.

"वाटतं."

"माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनाही रोज वाटायचं, आज खिचडीत शेंगदाणे असतील."

"अक्का, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खिचडी आणता."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत शेंगदाणे आणता. मला एवढंच सांगा, उद्या विकायचं म्हटलं तर घेतं कोण?"

गुरुजींनी चष्मा काढला. ते चष्मा काढायचे तेव्हा वर्ग शांत व्हायचा, दुकानही झालं. "मंदाबाई, गुंतवणूकदार विकण्याचा विचार करत नाही. विकण्याचा विचार हे मनाच्या दुबळेपणाचं लक्षण आहे."

"मला विकायचेत," तोताराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. भर सप्ताहात कोणी तंबाखू मागावी तसं झालं. खोकल्याची एक उबळ येऊन गेली, मग तो पुन्हा म्हणाला, "पाचशेच्या पाचशे. भाव वर गेला की लगेच."

गुरुजी हसले. "अरे, एवढी घाई कशाची? भाव शंभरावर जाऊ दे. कोणी नाही घेतले तर तुझे मी घेईन. या सगळ्यांसमोर सांगतो."

नवलशेठने टेबलावर हात मारला. मंदाबाई म्हणाल्या, "गुरुजी, ऐकलं बरं का आम्ही."

जुलैत मी जळगावला गेलो. चष्म्याच्या दुकानाशेजारच्या जिन्यात हितेंद्र भेटला. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटमध्ये फोन खुपसलेला, दुसऱ्या हातात फायली. घाईत होता.

मी विचारलं, "हितेंद्र, भाव काय शे?"

तो फोनमधल्या माणसाला "एक मिनिट साहेब" म्हणाला, मला दोन बोटं दाखवली आणि ओरडला, "दोन शे, आबा, दोन शे!" आणि गेला.

बसस्टँडवर बाकावर बसून मी आमच्या पाच जणांच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं: भाव दोन शे.

आता तो शब्द. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. दोन शे म्हणजे दोन आहे. आणि दोनशे म्हणजे शंभर आणि शंभर. कानाला दोन्ही सारखंच. मी हितेंद्रच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं. तेव्हा माझ्या मनात दोन होते की दोनशे, हे आज मलाही छातीठोक सांगता येत नाही. ऐंशीचे दोन होतील हे मनात आणवेना आणि ऐंशीचे दोनशे होतील हे जिभेवर येईना. मी मध्ये बोटभर जागा सोडली होती, एवढं मात्र खरं.

दोन मिनिटांत गुरुजींचं उत्तर आलं. "रुपचंद, 'दोनशे' हा एक शब्द आहे. जोडून लिहावा. तीस वर्षांनंतरही तीच चूक."

माझे कान गरम झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस बसस्टँडवर शेंगा खाणाऱ्या लोकांत बसून पाटी घेऊन उभ्या केलेल्या पोरासारखा झाला. गुरुजी चुकतील असं माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मला वाटलं, असणार, दोनशेच असणार, मीच धांदरट. मी लिहिलं, "भाव दोनशे. चुकलो गुरुजी."

गुरुजींनी "शाबास" लिहिलं आणि खाली एक गुलाब पाठवला.

मग ग्रुप उसळला. नवलशेठने अकरा नारळ पाठवले, चित्रातले. मंदाबाईंनी लिहिलं, "खरंच?" तोतारामला लिहिता येत नाही, त्याने आवाज पाठवला. त्यात बराच वेळ नुसता खोकला होता. शेवटी फक्त "रुपा..." आणि मग बंद.

दुसऱ्या दिवशी नवलशेठने जिलेबी मागवली. ती कीटकनाशकाच्या डब्यांपासून लांब, वजनकाट्यावर ठेवली.

"मी म्हटलं होतं ना?" नवलशेठ म्हणाला.

"तुम्ही शंभर म्हणाला होतात," मंदाबाई म्हणाल्या. "आणि ऐंशीचे दोनशे झाले कशाने? त्या पोराने विकलं काय?"

"सल्ला," गुरुजी म्हणाले.

"कोणाला?"

"ते कंपनीचं गुपित असतं."

"मग भावही गुपितच ठेवायचा. अर्ध्या पारोळ्याला कळलाय."

तोताराम जिलेबीला शिवला नव्हता. तो गुरुजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, तुम्ही शब्द दिला होता."

गुरुजींच्या हातातली जिलेबी तिथेच थांबली. शंभरावर गेला तर घेईन असं म्हणताना माणूस शंभर धरून चालतो. दोनशे म्हणजे एक लाख. पण नवलशेठ ऐकत होता, मंदाबाई ऐकत होत्या, बियाणं घ्यायला आलेले दोघे तिघे ऐकत होते.

"घ्या गुरुजी," नवलशेठ म्हणाला. "तुम्ही नाही घेतले तर मी घेतो."

नवलशेठने आयुष्यात उधारीचं खत सोडून दुसऱ्याला काही दिलं नव्हतं आणि हे शेअर सोडून स्वतः काही घेतलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं, गुरुजी घेणार.

गुरुजींनी घेतले. त्याच आठवड्यात बँकेतली ठेव मोडून तोतारामला लाखाचा चेक दिला. शेअर नावावर करायच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. तोतारामने सही म्हणून फक्त 'तो' काढला, गुरुजींनी तिथेच त्याला बजावलं की मात्रा काना सोडून उडाली आहे. कागद माझ्याकडे दिला, पुढच्या खेपेला हितेंद्रकडे पोचवायला.

तोताराम धुळ्याला गेला. पारोळ्याच्या सराफाकडून घेतली असती तर संध्याकाळपर्यंत बेबाबाईला कळलं असतं. धुळ्याहून तो सव्वा तोळ्याची नवी पोत घेऊन आला आणि म्हणाला, "सोनाराने दिली एकदाची."

बेबाबाईने ती तळहातावर तोलली. "आठ ग्रॅमची दिली होती. जड कशी झाली?"

"दोन वर्षं ठेवली ना त्याने. व्याज म्हणाला."

आरशाच्या तुकड्यासमोर उभी राहून तिने पितळेच्या वाट्या काढल्या आणि पोत घातली. त्यानंतर आठ दिवस तिचा पदर जागेवर नव्हता. दळणाला जाताना, पाण्याला जाताना, उगाच शेजारी साखर मागायला जाताना गळा उघडा. तोताराम ओट्यावर बसून बघायचा. खोकला तसाच होता, पण तो आता मोठ्याने खोकायचा, श्रीमंत माणसासारखा.

श्रावणात मयुरीचा पहूरहून फोन आला. पहूरकडची बोली आमच्याहून वेगळी, तिथे 'शे' म्हणत नाहीत.

"आबा, मी इथे 'शे' म्हटलं की सगळे हसतात. काल पाहुणे यायचे होते. सासूबाईंनी विचारलं, घरात लाटणी किती? मी म्हटलं, लाटणं एक शे. तर दीर म्हणतात, वहिनी, एकशे लाटणी? अहो, आम्ही माणसंच अकरा!"

ती हसली, मीही हसलो. मग माझं हसणं मध्येच थांबलं. मयुरी विचारत राहिली, "आबा, ऐकताय ना?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी जळगावला गेलो. खिशात सह्या केलेला कागद. चष्म्याच्या दुकानावर काचेचं दार नव्हतं. दोन खुर्च्या जिन्यात उलट्या घातलेल्या. हितेंद्र फरशीवर बसून फायलींना दोरी बांधत होता.

"हितेंद्र, भाव नक्की काय शे?"

"सांगितलं ना आबा. दोन रुपये. तेही कोणी घेतले तर. गिऱ्हाईक राहिलं नाही. लोकांना सल्ला मोबाईलवर फुकट मिळतो. जागाही सोडतोय, उरलंसुरलं घरून बघीन."

मी कागद पुढे केला. त्याने तो वाचला, मग उभा राहिला. "दोनशेला? कोणी घेतले? आबा, मला त्या माणसाला भेटवा. माझे स्वतःचेही देऊन टाकतो."

"तू दोन बोटं दाखवली होतीस."

"दोनच दाखवली ना मग!"

"अरे, दोनशेलाही दोनच दाखवतात."

त्याने खाली बसून कपाळाला हात लावला. पोरगा वाईट नव्हता. त्याने आम्हाला पोस्टात ठेवा म्हणून सांगितलंच होतं.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत आलो. पोत गळ्यात पडली आहे. गुरुजींना पेन्शन आहे. चूक कळली ती फक्त मला. एरंडोल येईपर्यंत मी गप्प राहायचं पक्कं केलं होतं. एरंडोलच्या पुढे रस्ता खराब आहे. पारोळ्याला उतरलो तो थेट तोतारामच्या ओट्यावर गेलो आणि सांगून टाकलं.

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे माझे पाचशे शेअर एक हजाराचे होते?"

"हो."

"आणि मी लाख घेतले. गुरुजींकडून."

आतून बेबाबाई बाहेर आली. तिने पोतीच्या वाट्या मुठीत धरल्या होत्या. "काय बोलताय ते मला नीट सांगा. सोनारापासून सांगा."

तोतारामने सोनारापासून सांगितलं. सांगताना त्याला तीन वेळा थांबावं लागलं. ती ऐकून घेत होती. मग मला म्हणाली, "रुपचंदभाऊ, म्हणजे ही पोत गुरुजींच्या पैशांची? परक्या माणसाची पोत गळ्यात घालून मी नागपंचमीला वारुळाला जाऊन आले?" आणि तिने हात मानेमागे नेला.

"काढू नको," तोताराम म्हणाला. तेवढं बोलायलाही त्याला श्वास पुरला नाही.

तिचा हात मानेमागेच थांबला. "मग आधी त्यांना सांगून या. दोघं जा. नंतर बघू."

गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. मी सांगितलं. जिना, हेल्मेट, दोन बोटं, बोटभर जागा, लाटणं, सगळं. गुरुजींनी चष्मा काढला नाही. पेपरही खाली ठेवला नाही.

"'दोनशे' हा एक शब्द आहे," ते म्हणाले.

"आहे गुरुजी."

"मी तो जोडून लिहायला सांगितला. ते बरोबर होतं की चूक?"

"शब्द बरोबर होता गुरुजी. भाव चुकला."

पेपर थोडा हलला. मला वाटलं, आता कळलं. कळलंच होतं. छत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल केल्या, त्याला स्वतःभोवतीचा गोल दिसत नाही असं कसं म्हणावं? पण तो मान्य केला असता तर उद्या नवलशेठच्या दुकानात गोणीवर बसावं लागलं असतं.

तोताराम हात जोडून म्हणाला, "मी धुळ्याला जाऊन पोत परत करतो. घट कापतील ती कापू दे. जेवढे येतील तेवढे आणून देतो."

"अजिबात नाही," गुरुजी म्हणाले. "भाव म्हणजे काय रे, तोताराम? घेणारा देतो तो भाव. मी दोनशे दिले. म्हणजे त्या दिवशी भाव दोनशे होता. तो हितेंद्र काय म्हणतो ते जळगावचं. हे पारोळा आहे. आणि मी एकदा दिलेले गुण कमी केलेले नाहीत, कोणाचे बाप आले तरी."

"पण गुरुजी..."

"जा आता. दोघंही जा."

आम्ही फाटकापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी परत गेलो. त्यांनी हळूच विचारलं, "दोन म्हणजे... दोनच?"

"दोनच, गुरुजी."

"बरं. कोणाला सांगू नकोस."

ते मला जमलं नाही. मंदाबाईंचे शंभर शेअर होते आणि त्या माझ्या जिवावर भाव ऐकत होत्या. गुरुजींनी किती दिले ते मी लिहिलं नाही, पण घरी येऊन ग्रुपवर एवढं लिहिलं: "भाव २ रुपये. आधी लिहिण्यात घोळ झाला." पाचव्या मिनिटाला फोनवर आलं, की लीलाधर गुरुजींनी मला ग्रुपमधून काढून टाकलं आहे. शाळेत ते कान धरून बाहेर काढायचे, इथे कान लागला नाही.

मंदाबाई तडक नवलशेठकडे गेल्या. "घ्या माझे शंभर. दोनशेला नको, पन्नासला घ्या."

"अक्का, मी घेत नसतो," नवलशेठ म्हणाला. "मी धरून ठेवत असतो."

"मग धरून ठेवा. पेरणीला उपयोगी पडतील."

तेव्हापासून पारोळ्यात दोन भाव झाले. जळगावचा भाव दोन आणि पारोळ्याचा दोनशे. पारोळ्याच्या भावाने कोणी विकत नव्हतं, जळगावच्या भावाने कोणी घेत नव्हतं. गुरुजी खुर्चीवर बसून सांगायचे, की बाजार स्थिर आहे.

इकडे बेबाबाईने आपला निकाल दिला. तोताराम गुरुजींकडून परतल्यावर ती म्हणाली, "ते घेत नाहीत म्हणून वस्तू आपली होत नाही. तुम्ही आहात तोवर मी ही गळ्यात सांभाळीन. पुढचं पुढे."

"म्हणजे मी गेल्यावर गुरुजींना देशील?"

"मी ती द्यावी असं तुम्हाला वाटत नसेल तर जाऊ नका."

तोताराम हसला, खोकला, परत हसला. आणि बाईचं ऐकून राहिला. डॉक्टरांनी मोजलेले महिने संपले, दुसरी दिवाळी आली. मी रोज संध्याकाळी ओट्यावर जायचो. तो मला सोन्याचा भाव वाचायला लावायचा. भाव वर वर चालला होता. "रुपा, आज?" मी सांगायचो. तो आत ओरडायचा, "अगं, गुरुजी आज चार हजारांनी वाढले!" आतून उत्तर यायचं, "त्यांना सांगा, भांडी घासतेय, वाढून बसू नका."

धनमार्ग मधल्या काळात पुरती बंद झाली. त्या दोन खोल्यांत आता स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. हितेंद्र नाशिकला नोकरीला लागला. जाताना त्याने आम्हा सगळ्यांना पत्र पाठवलं, की तुमच्या शेअरची किंमत आता काही नाही, माफ करा. त्याने आम्हाला फुकट दिलेला हा काही पहिला सल्ला नव्हता, पण या वेळी आम्ही तो ऐकला.

तोतारामच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बेबाबाईने मला बोलावलं. तिचा गळा मोकळा होता. पोत तिने तोतारामच्या धुतलेल्या रुमालात बांधून ठेवली होती. मंदाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हल्ली घालतात बायका. कोणी काही म्हणत नाही."

"घालू दे ना," बेबाबाई म्हणाली. "मी घातली तेवढी पुरे. भाऊ, ज्याची त्याला देऊन या. मोजून घ्या म्हणावं."

मी रुमाल गुरुजींच्या हातात दिला आणि तिचा निरोप सांगितला. गुरुजी म्हणाले, "मला नको." रुमाल हातात धरूनच म्हणाले. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी त्यांनी गाठ सोडली, पोत उजेडात धरली आणि विचारलं, "वजन किती म्हणाली?"

"सव्वा तोळा."

त्यांचे ओठ हलू लागले. ते गुणाकार करत होते. गुणाकारात गुरुजी कधी चुकत नाहीत.

त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आलं, की लीलाधर गुरुजींनी मला ग्रुपमध्ये परत घेतलं आहे. खाली त्यांचा संदेश होता: "सर्व सभासदांस कळविण्यात आनंद होतो की, धनमार्गच्या पाचशे शेअरवर मला सोळा महिन्यांत सुमारे दीडपट मिळाले. संयम हीच खरी गुंतवणूक." नवलशेठने नारळ पाठवले. मंदाबाईंनी लिहिलं, "गुरुजी, 'मिळाले' हा एकच शब्द आहे. कोणाकडून, तो दुसरा शब्द. मध्ये जागा सोडा." दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी काठी टेकत तोतारामच्या घरी आले, ओट्यावर रुमाल ठेवला आणि कोणी बाहेर यायच्या आत निघून गेले. बेबाबाईने रुमाल सोडला. पोत आत तशीच होती. तिने ती परत माझ्याकडे दिली आणि मी ती परत गुरुजींकडे नेली. हे असं तीनदा झालं. सध्या ती मयुरीच्या पहिल्या बाळासाठी म्हणून मंदाबाईंकडे ठेवली आहे आणि तिचा भाव कोणी विचारायचा नाही असं ठरलं आहे.

तोताराम अमृत पाटील, राहणार पारोळा, वय बहात्तर, गुरुवार दिनांक तेरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी सकाळी साडेनऊ वाजता आपल्या घरी ओट्यावर बसल्या बसल्या वारला. तेव्हा बेबाबाईच्या गळ्यात पोत होती.